विरळणी

१

आमच्या घरात सकाळचं पहिलं पाणी वाफ्यांना आणि दुसरं चहाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ह्यांना हे पटलेलं नाही. "झाडं काही बोलत नाहीत, म्हणून त्यांचे लाड. मी बोलतो ना, म्हणून मला उशीर," असं पुटपुटत हे पेपर उघडतात, आणि मी झारी घेऊन मागच्या दारानं खाली उतरते.

अंगण म्हणजे काही मोठी बाग नव्हे. तीन पायऱ्या, चार वाफे, कोपऱ्यात खताचा खड्डा आणि पलीकडे शेजारच्या पोस्टमास्तरांची भिंत. पण हंगामात त्या चार वाफ्यांत मी असं काही उभं करते की पोस्टमास्तर रोज भिंतीवरून मान काढतात आणि मुद्दाम म्हणतात, "वहिनी, यंदा फुलं जरा बारीकच वाटतायत." पोटदुखी, दुसरं काय!

झिनियाचे दोन वाफे, एक कॉसमॉसचा, एक अॅस्टरचा. हवा कोरडी पडायला लागली की बी टाकायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी माती तडकते आणि भेगेतून एकेक रोप मान वाकवून वर येतं. इतकी वर्षं बघतेय, तरी त्या सकाळी मी ह्यांना हाका मारतेच. हे चष्मा कपाळावर चढवून येतात, "वा वा" म्हणतात आणि परत पेपरात डोकं घालतात. त्यांना काय कळणार! त्या दिवशी मला दुपारपर्यंत भूक लागत नाही.

एका खळग्यात मी दोन बिया टाकते. एखादी दगा देते म्हणून. दोन्ही उगवल्या, तर चार पानं आली की त्यातलं एक काढून टाकायचं. ही विरळणी. कोणतं ठेवायचं हे उंचीवरून ठरवायचं नसतं, तिथेच नवशिके फसतात. बूड बघायचं. रंग बघायचा. बुटकं का असेना, ज्याच्यात पुढे वाढायची धमक आहे ते ठेवायचं. मग ठेवायच्या रोपाच्या दोन्ही अंगांना दोन बोटं रोवून माती घट्ट दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीनं शेजारचं वर ओढायचं. उपटलेली रोपं मी पायरीवर जुना पेपर पसरून त्यावर ओळीनं मांडते, सगळ्यांची मुळं एकाच बाजूला. सवय आहे.

माझी बहीण एकदा ते बघून म्हणाली होती, "तुला काळीज आहे की नाही गं?"

"काळीज आहे, जागा नाही," मी म्हटलं.

यंदा मात्र विरळणी राहिली.

२

लेक बाळंतपणाला आली होती. जुळं. दोन्ही मुली. त्यांच्या नावांवरून लेक आणि जावई रोज फोनवर भांडत होते, आणि तोवर आम्ही आपलं थोरली आणि धाकटी म्हणत होतो. थोरली अकरा मिनिटांनी मोठी. जन्मली तेव्हाच अडीच किलोच्या वर, रडली तर पोस्टमास्तरांच्या घरी ऐकू जाईल असा आवाज. धाकटी दीड किलोची. तिचं रडणं शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू यायचं नाही. तिचे पाय माझ्या अंगठ्याएवढे होते. मी कधी घाबरले नाही आयुष्यात, पण तिला न्हाऊ घालायला मला धीर व्हायचा नाही.

दर आठवड्याला दवाखान्यातल्या सिस्टर काटा घेऊन घरी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "आजी, हिला एकटीला निजवायचं नाही. अंगाची ऊब पाहिजे हिला. आई, आजी, कुणीही चालेल, पण कुणाच्या तरी अंगालगत. दोन महिने काढलेत ना हिनं, की मग चिंता नाही."

"आणि नाही काढले तर?" लेकीनं विचारलं.

सिस्टर काटा पिशवीत भरत होत्या. "काढेल की," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी विरळणीला बसले होते. पहिल्या वाफ्याचा पहिला खळगा. दोन रोपं. एक गुटगुटीत, दुसरं दोऱ्यासारखं बारीक, पहिल्याच्या अंगावर रेललेलं. मी दोन बोटं रोवली, चिमूट पुढे केली. आणि काय झालं कोण जाणे, मला ते ओढवेना. मी दुसऱ्या खळग्याकडे गेले, तिथेही तेच. "मर मेलं," असं म्हणत मी खुरपं टाकलं, हात धुतले आणि आत येऊन धाकटीला पदराखाली घेऊन बसले.

एकतीस वर्षांत वाफ्याचं काम अर्धवट टाकून मी पहिल्यांदा उठले होते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी झारी घेऊन उतरले, तर पहिला वाफा विरळलेला.

अर्धामुर्धा नाही, अख्खा. प्रत्येक खळग्यात एकेकच रोप. आणि खालच्या पायरीवर पेपर पसरून त्यावर उपटलेली रोपं ओळीनं मांडलेली, सगळ्यांची मुळं एका बाजूला.

मी झारी तशीच ठेवून आत गेले. "अहो, तुम्ही वाफ्यात हात घातलात?"

"मी?" ह्यांनी पेपर खाली केला. "मागच्या वर्षी तण म्हणून तुझा अॅस्टर उपटला, तेव्हा तू माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हतीस. ते तीन दिवस बरे गेले, पण तरी मी नाही."

लेकीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती टाके सांभाळत कशीबशी न्हाणीघरापर्यंत जायची. पोस्टमास्तर? त्यांची भिंत चढायची ऐपत असती तर त्यांनी आधी माझी झिनिया पळवली असती. उरले कोण? मीच. झोप धड नाही, दर दोन तासांनी दूध, लंगोट, दूध. अशात माणूस काय करून ठेवील सांगता येत नाही. मी नखं बघितली. नखांत माती होती. पण माझ्या नखांत माती केव्हा नसते?

परत वाफ्याशी गेले. प्रत्येक रोपाच्या दोन्ही अंगांना बोटांचे खळगे पडले होते, जसे पडायला हवेत तसेच. मी सहज एकात माझं बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं तरी तळ लागेना. मग पूर्ण बोट घातलं.

तरी तळ लागला नाही.

४

त्या आठवड्यात बाकीचे तीन वाफे झाले. नेहमी दिवसाउजेडी, आणि नेहमी मी नजर काढली की. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण सगळं दिसतं. एका दुपारी मी खुर्ची टाकून तिथेच बसले, म्हटलं बघूया तरी. तासभर काही नाही. ऊन, भिंत, कॉसमॉसवर एक पांढरं फुलपाखरू. मागे दूध उतू जायला लागलं म्हणून वळून गॅस बंद केला. पुन्हा वळले तर कॉसमॉसचा वाफा झाला होता. पायरीवर पेपर, पेपरावर रोपं.

खोटं कशाला बोलू, काम अगदी नजर लागावी असं होतं. एकाही ठेवलेल्या रोपाचं मूळ हललेलं नव्हतं. मला जमणार नाही इतकं स्वच्छ.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? घरात बाळंतीण, तिला आधीच रडायला कारण लागत नव्हतं. ह्यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, "बरं झालं की, फुकटचा माळी मिळाला." मीही स्वतःला तेच सांगितलं. तुझी कंबर वाचली ना? गप्प बस.

मग पाखराचं झालं.

ह्यांच्याकडे लव्हबर्डची जोडी होती. पिंजरा मागच्या दाराशी टांगलेला. तळाला वाळू घालायची, ती हे स्वतः चाळून घालायचे. एका सकाळी ह्यांचा विचित्र आवाज आला म्हणून मी धावले. पिंजऱ्याचं दार बंद होतं, कडी लावलेली होती. आत हिरवी एकटीच दांडीला चिकटून बसली होती. निळी खाली पायरीवर होती, पेपरावर, पंख मिटून नीट आडवी ठेवलेली.

"म्हातारी झाली होती गं," हे म्हणाले. त्यांना बोलवत नव्हतं. "बाहेर कशी आली पण?"

निळी म्हातारी नव्हती. दोघींत ती धाकटी. पण गेले दोन महिने तिची पिसं झडत होती.

मी पिंजऱ्यात बघितलं. वाळूत, हिरवीच्या बरोबर खाली, एकाशेजारी एक दोन खोल खळगे होते. मी वाळू हातानं सारखी केली, हे बघायच्या आत. का केली, ते माझं मलाच माहीत नाही. आपल्या हातून काही चुकलं की माणूस आधी पुसायला धावतो, तसं काहीतरी.

५

मधल्या खोलीत मोठा पलंग आहे. दुपारी लेक दोघींना त्यावर शेजारी शेजारी निजवायची आणि स्वतः कडेला आडवी व्हायची, म्हणजे ऊब राहते. त्या दुपारी ती अंघोळीला गेली होती. "आई, दोन मिनिटं लक्ष ठेव," असं सांगून. मी दोरीवरचे लंगोट काढायला गेले. दोन मिनिटंसुद्धा नाही. हातात चार लंगोट असतील नसतील, तेवढ्यात आत आले.

थोरली शांत झोपली होती. तिच्या दोन्ही बाजूंना गादीत दोन खळगे पडले होते. चादर आत खेचली गेली होती, आजूबाजूला सुरकुत्या. गादी कापसाची आहे, आमच्या लग्नातली, दगडासारखी. त्यात एवढा खळगा पाडायला मला गुडघा टेकवावा लागेल.

धाकटीच्या झबल्याचा खांद्याजवळचा कपडा चिमटीत धरावा तसा वर गोळा झाला होता. तिचं डोकं मागे लवलं होतं. पाठ गादीला टेकलेली नव्हती.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला देव जाणे. मी झडप घातली. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मला जाणवलं की मी एकटी ओढत नाहीये. मग ती माझ्या हातात आली आणि मी पाठीमागच्या कपाटावर आदळले.

लेक ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं? आई! काय झालं तिला?"

"मुंगी होती," मी म्हटलं. "मोठी मुंगी."

"मुंगीला एवढं ओरडतात? माझा जीव गेला असता!" ती मटकन बसली आणि रडायला लागली. ती बसली तेव्हा गादी हलली आणि खळगे मोडले. धाकटी जागीसुद्धा झाली नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, एकसारखा, आणि मनात एकच चाललं होतं: वाफे संपले. आता हे घरात आलं.

६

माळ्याचं डोकं कसं चालतं सांगू? विरळणी टाळायची असेल तर एकच उपाय, अंतर. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "धाकटी आजपासून माझ्या खोलीत. तू थोरलीला सांभाळ, तुला दोघी झेपत नाहीत." लेक कुरकुरली, पण सिस्टरनी माझीच बाजू घेतली. ऊब मिळाल्याशी कारण. हे दिवाणखान्यात जाऊन झोपायला एका पायावर तयार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकटीला छातीशी घेऊन पडले. दार लावलं, खिडकी लावली. वाटलं, सुटलो. झिनियाला कळ्या धरल्या होत्या, पडल्या पडल्या त्यांचा विचार करत होते. पिवळा रंग यंदा जास्त निघेल का, असला काहीतरी.

तेवढ्यात माझ्या दोन्ही बरगड्यांशी गादी खचली.

आधी डावीकडे, मग उजवीकडे. सावकाश, अगदी जोखून. मी जागच्या जागी घट्ट आवळली गेले, हलायला जागा राहिली नाही. दुखलं नाही. उलट इतकं व्यवस्थित होतं ते, इतकं जाणत्या हाताचं, की मला हे करणारा कोणी का असेना, त्याचा राग येईना. मला एवढंच समजलं की मला ठेवायचं ठरलंय.

आणि मग माझ्या छातीवरून धाकटीचं वजन कमी व्हायला लागलं.

मी दोन्ही हातांनी तिला धरलं आणि जोरात ओरडले, "ए! खबरदार!" वाफ्यात गाय शिरली तर ओरडते तशी. सगळं थांबलं. हे धावत आले, दार ठोठावायला लागले. मी स्वप्न पडलं म्हणून सांगितलं.

"दिवसा?" हे म्हणाले. "अगं, तुला रात्री पुरत नाहीत का स्वप्नं?"

मग मी बसून हिशेब मांडला, म्हणजे डोक्यात हो. धाकटीला एकटं ठेवायचं नाही. ऊब नसेल तर ती तशीच जाईल. म्हणजे कुणीतरी शेजारी हवंच. आणि शेजारी कुणीही असलं तरी दोघांतलं कच्चं ती. लेक अठ्ठावीस वर्षांची, थोरली म्हणजे नुसता भोपळा, हे पंच्याहत्तरीपर्यंत हलत नाहीत. आणि मी? मला बघून सिस्टर म्हणाल्या होत्या, आजी, तुमच्यासारखी तब्येत मला नाही.

पण उंची बघायची नसते. वजनही नसतं बघायचं. बूड बघायचं, रंग बघायचा, आणि पुढे कोण वाढणार ते बघायचं. धाकटीनं दीड किलोवरून सुरुवात केली असेल, पण ती वाढतेय. आणि एकदा विरळणी झाली, की ठेवलेल्या रोपाला पुन्हा हात लावत नाहीत. राहिला माझा प्रश्न. मला नुसतं वाढणं थांबवायचं नव्हतं. मला वाळायचं होतं.

७

ते सोपं नसतं, चांगल्या खात्यापित्या बाईला. पहिले आठ दिवस मी नुसती चिडचिड केली. ताटातलं हळूच पोस्टमास्तरांच्या मांजराला घालायचे. मांजर असं माजलं की भिंतीवर चढेना. नंतर भूक आपोआप गेली. दुपारी पडलं की रोज तेच. बरगड्यांशी दोन बोटं यायची, दाबून बघायची, थांबायची. मग उठायची आणि धाकटीच्या अंगांना जायची, तिथे दाबून बघायची. पुन्हा माझ्याकडे. काहीच ठरत नव्हतं. मी श्वास धरून पडायचे आणि दोन्ही हात तिच्याभोवती ठेवायचे. दाराबाहेर कुणी बोललं, भांडं पडलं, की ते जायचं. मी ह्यांना दुपारी रेडिओ मोठ्यानं लावायला सांगितलं. हे खूश झाले. इतकी वर्षं मी तो बंद करायला सांगत होते.

काट्यावर धाकटी एक किलो नऊशे झाली. मग दोन किलो शंभर. सिस्टर टाळ्या वाजवायच्या. मी त्या काट्याकडे बघत राहायचे आणि आत कुठेतरी इतका आनंद व्हायचा की पाय लटपटायचे. भूक नव्हती त्यामुळेही असेल.

फुलं म्हणाल तर अशी फुलं माझ्या हातून कधी झाली नाहीत. झिनिया ताटलीएवढी, अॅस्टरचा वाफा नुसता जांभळा. पोस्टमास्तर परवा भिंतीवरून चक्क म्हणाले, "वहिनी, हरलो." एकतीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते ऐकून मी "बरं" म्हटलं आणि आत आले. मग ते ह्यांना हळूच विचारत होते, "वहिनींना बरं नाही का?"

काल लेकीनं मला धरलं. शब्दशः. दंड धरला, तो तिच्या मुठीत मावला.

"आई, हे काय आहे? आरशात बघितलंस स्वतःला?"

"बाळंतपण काढणं म्हणजे चेष्टा वाटली तुला?"

"काही सांगू नकोस. मांजराला जेवण घालतेस ते मी बघितलंय. उद्या संध्याकाळी बाबा आणि मी तुला डॉक्टरांकडे नेतोय. आणि धाकटी आजपासून माझ्याजवळ. तुझ्यात तिला उचलायची ताकद राहिली नाही, उद्या पाडशील."

"एक दिवस," मी म्हटलं. "उद्याची दुपार माझ्याजवळ राहू दे. मग ने."

"का पण?"

मी पुष्कळ कारणं शोधली. एकही सापडलं नाही. शेवटी खरं तेच सांगितलं. "कारण तुझ्याजवळ ती टिकणार नाही. माझ्याजवळ टिकेल."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. तिला वाटलं मी तिला आई म्हणून नावं ठेवतेय. तिनं धाकटीला उचलून माझ्या हातात दिलं आणि ती खोलीतून निघून गेली. तिला जवळ घ्यावं, समजवावं, असं फार वाटलं मला. पण समजावणार काय, कपाळ?

८

आता दुपार आहे. मघाशी सिस्टर येऊन गेल्या. दोन किलो चारशे. "ही आता कुणाला ऐकायची नाही," असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरतं घेतलं.

लेक थोरलीला घेऊन मधल्या खोलीत आहे. तिचा माझ्यावरचा राग मला भिंतीतून कळतोय. ह्यांना मी आज रेडिओ नको म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "डोकं दुखतंय का गं? बाम देऊ?" मी म्हटलं, "काही नको. तुम्ही आज जरा बाहेर बसा, फुलांजवळ." हे खुर्ची घेऊन गेले. खिडकीतून त्यांचं अर्धं टक्कल दिसतंय. गुणी माणूस आहे. मी कधी म्हटलं नाही.

धाकटी दूध पिऊन झोपलीये. तोंड उघडं, ओठावर पांढरा ठिपका. तिचं वजन आता छातीवर जाणवतं, आधी जाणवायचं नाही. म्हणून मी तिला खाली, गादीवर, माझ्या अंगालगत ठेवलंय. दोन्ही हात तिच्यावरून काढून घेतलेत. ते सगळ्यात अवघड गेलं.

माझ्या बरगड्यांशी गादी खचते. नेहमीसारखी, जोखत. मी अंग सैल सोडते. श्वाससुद्धा धरत नाही. दाब कमी होतो, उठतो, आणि बराच वेळ काहीच नाही. बाहेर ह्यांच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येते. मला वाटतं, आजही ठरत नाही. आज ठरलं नाही तर संध्याकाळी ही लेकीच्या पलंगावर जाईल, थोरलीच्या शेजारी.

मग धाकटीच्या दोन्ही अंगांना चादर आत जाते. खोल, आणखी खोल. तिचं अख्खं अंग घट्ट धरलं जातं, मान नीट सरळ होते, आणि ती झोपेत समाधानानं एक उसासा टाकते. हे नुसतं दाबून बघणं नाही. हे ठेवणं आहे. मला ते ओळखू येतं. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलंय?

समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन आहे. त्यात एका मनगटाची सावली आलीये. ती वर कुठपर्यंत जाते ते बघायला मान वळवायला हवी. मी वळवत नाही.

माझ्या खांद्यापाशी पोलक्याचा कपडा गोळा होतो, आणि माझी पाठ गादीवरून सुटायला लागते.

"हळू," मी म्हणते. "आत्ताच झोपलीये ती."